कोची बिनाले: आईला घेऊन दोन दिवसांत काय काय जमेल?

मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या बिनालेला (दर दोन वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं प्रदर्शन) आईला फोर्ट कोचीला न्यायचं म्हणतोय. २०१४ साली एकटाच गेलो होतो. ॲस्पिनवॉल हाउस या बिनालेच्या मुख्य जागेत शिल्पकार अनिश कपूरचा तो जमिनीत गरगरणारा काळ्या पाण्याचा भोवरा बघत कठड्याशी इतका रेंगाळलो की बाकीचं निम्मं राहूनच गेलं!

आता प्रश्न आईच्या गुडघ्यांचा. प्रदर्शन जिथे मांडतात त्या जुन्या गोदामांचे जिने तिला झेपणार नाहीत. तळमजल्यावरच बरंचसं बघून होतं का? एर्नाकुलमहून बोटीने जावं, की चढण्या-उतरण्याची कटकट नको म्हणून सरळ रिक्षा करावी? शेजारच्या मट्टनचेरीसाठी वेगळा दिवस ठेवावा का? आणि हो, अंधाऱ्या खोलीतले व्हिडिओ नकोत, तिथे मला झोप लागते, असं तिने आत्ताच बजावलंय. ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.