वेस्ट ट्रेनर आणि ‘डीटॉक्स’ चहा: आकडे उतरतात, मग घातक काय?

सोनटक्का:
नट्या-मॉडेल्सची रील्स बघून १९ वर्षांच्या भाचीने (१६० सेंमी, ५२ किलो) कमरेचा रबरी पट्टा (वेस्ट ट्रेनर) आणि रात्री घ्यायचा ‘डीटॉक्स’ चहा मागवलाय. रोज ८ तास पट्टा, १००० कॅलरींचा ‘प्लॅन’ आणि तासभर झुंबा. आठ दिवसांत कंबर ४ सेंमी आणि वजन पावणेदोन किलो उतरलं. मोजमाप खरं आहे, त्यामुळे तिला अडवायला मुद्दा सापडत नाही. “हा फालतूपणा आहे” हे सांगून झालंय, कृपया तेवढंच उत्तर नको.

आडवी_रेघ:
मोजमाप खरंच आहे, पण उतरलंय ते बहुतेक पाणी. यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं आणि प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा पहिल्याच आठवड्यात बराच रिकामा होतो. पावणेदोन किलोंचा हिशोब तिथेच जवळपास लागतो.

पट्ट्याने चरबी वितळत नाही. त्याखाली येणारा घाम पाणी प्यायलं की भरून निघतो. दाबलेली कातडी आणि मऊ भाग काही तास तसाच राहतो, म्हणून पट्टा काढल्या काढल्या टेप लावला की कंबर कमी भरते. दोन दिवस पट्टा न लावता, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या रेषेत, सहज श्वास सोडल्यावर मोजायला सांगा. पोट आत ओढायचं नाही.

त्रास कुठे होतो: खालच्या फासळ्या आवळल्याने श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही, श्वास उथळ होतो. असा पट्टा लावून झुंबा केला तर चक्कर येऊ शकते. जठरावर दाब आला की आम्लपित्त घशाशी येतं. तोच दाब खाली ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंवर जातो, मग शिंकताना-खोकताना लघवीचे थेंब गळू शकतात. पट्टा कमरेच्या हाडावर रुतत असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा जळजळ होते, ती तिथली नस दबल्याची खूण. हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर देतात तो पोटपट्टा वेगळा. तो ठरावीक दिवसांपुरता असतो.

तुरटी:
चहाच्या पुडीवरचे घटक वाचा. बहुतेकदा त्यात सोनामुखी (सेना) असते. तिचं काम मोठ्या आतड्यात चालतं आणि परिणाम ६ ते १२ तासांनी दिसतो, म्हणून तर ‘रात्री घ्या’. पण अन्नातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषलेल्या असतात. बाहेर जातं ते पाणी, मळ आणि पोटॅशियम. पोटॅशियम घसरलं की पायात गोळे येतात, हातपाय गळतात, छातीत धडधडतं. फार घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

औषध म्हणूनही सोनामुखी डॉक्टरांना न विचारता आठवड्यापेक्षा जास्त घ्यायची नसते. गोळीत मात्रा ठरलेली असते. चहात ती पुडी किती वेळ बुडवली यावर बदलते. आणखी एक, गर्भनिरोधक गोळी चालू असताना तीव्र जुलाब २४ तासांहून जास्त टिकले तर गोळीवर भिस्त ठेवू नये.

सोनटक्का:
सोनामुखी आहे, आत्ताच पाहिलं. वजन तर ‘नॉर्मल’मध्ये बसतं ना?

पाऊणशेर:
बसतं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २०.३. म्हणूनच फसायला होतं. हिशोब करा: चरबी २५ टक्के धरली तर बाकीचं शरीर ३९ किलो. १००० कॅलरी खाल्ल्या, झुंब्यात अंदाजे ३०० गेल्या, उरल्या ७००. म्हणजे या ३९ किलोंतल्या दर किलोमागे १८. हा आकडा ३० च्या खाली दीर्घकाळ राहिला की मेंदू बीजग्रंथींना पाठवायचे संकेत कमी करतो, इस्ट्रोजेन उतरतं, पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडं भरायच्या वयात ती भरायची राहतात. हे वजन नॉर्मल असतानाही घडतं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे न्याच. चक्कर, धडधड किंवा उलटी काढायची सवय दिसली तर मात्र तीन महिने कसले, लगेच.

शिवणटीप:
कपड्यांच्या बाजूने थोडं. शूटला ड्रेस अंगावर बसतो कारण मागून क्लिपांनी आवळलेला असतो. कॅमेऱ्याला फक्त पुढची बाजू दिसते. वर एडिटिंग. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचं अंग बारीक किंवा जाड करून छापलेल्या जाहिरातीवर ‘फोटोत फेरफार’ असं लिहावं लागतं, नॉर्वेत जुलै २०२२ पासून अशीच सक्ती आहे. अमेरिकी टीव्ही तारका किम कार्डाशियनने २०२२ च्या मेट गालाला (न्यूयॉर्कचा फॅशन सोहळा) हॉलिवूड नटी मेरिलिन मन्रोचा १९६२ चा ड्रेस घालायला तीन आठवड्यांत १६ पौंड, म्हणजे सुमारे ७ किलो, उतरवल्याचं स्वतःच सांगितलं. तरी त्या ड्रेसची मागची चेन पुरती लागत नव्हती, वर शाल घ्यावी लागली. आणि रेड कार्पेटवर पायऱ्या चढून झाल्यावर तो उतरवून तिने त्याची प्रतिकृती घातली. भाचीला हे सांगून बघा, व्याख्यानापेक्षा बरं.

तुरटी:
राहिलंच. चहा बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होईल, पोट फुगेल आणि काटा किलो-दीड किलो वर जाईल. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती घाबरून पुन्हा पुडी उघडेल.