घरी असलेल्या रुग्णाची लघवीची नळी: पिशवीत जंतू सापडले म्हणजे संसर्ग झाला का?

सत्तरीकर

माझे वडील 79 वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. प्रोस्टेट वाढल्यामुळे गेल्या महिन्यात त्यांची लघवी अचानक अडली, तेव्हा 108 च्या रुग्णवाहिकेतून त्यांना रात्रीच इस्पितळात न्यावे लागले आणि तेथे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालण्यात आला. चौथ्या दिवशी घरी पाठवताना नळी किती दिवस ठेवायची आणि ती कोणी बदलायची, याविषयी डिस्चार्ज कार्डावर एक ओळही लिहिलेली नव्हती. आज 24 दिवस झाले. चार दिवसांपूर्वी पिशवीतील लघवी गढूळ दिसली म्हणून आम्ही तपासणी करून घेतली, तर कल्चरमध्ये (लघवीतील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू वाढल्याचे आले. बाबांना ताप नाही, जेवण व्यवस्थित आहे, गप्पाही नेहमीप्रमाणे चालू आहेत. तरीही नातेवाइकांचा आग्रह आहे की अँटिबायोटिक लगेच सुरू करावे. शिवाय नळीच्या कडेने थोडी लघवी झिरपते आणि आई दिवसातून तीनदा ती जागा जंतुनाशक द्रावणाने धुते. यात आमचे कुठे चुकते आहे का?

निवृत्त परिचारिका, फोंडा

औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच आहे, परंतु त्यांच्याकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. नळी आत असताना लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दररोज साधारण 3 ते 7 टक्के असते, आणि महिनाभरात जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत ते सापडतातच. हे जंतू नळीच्या आतबाहेर चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे लक्षणे नसताना अँटिबायोटिक दिले, तर साधे जंतू मरतात, चिवट जंतू मागे उरतात, आणि खरोखर संसर्ग होतो त्या दिवशी हाताशी कमी औषधे राहतात. थंडी वाजून ताप येणे, ओटीपोटात किंवा कमरेच्या वरच्या बाजूस दुखणे, लघवीत रक्त दिसणे, तापाबरोबर भ्रम होणे ही लक्षणे असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. नुसता गढूळपणा किंवा वास हे कारण पुरेसे नाही.

नमुना कोठून घेतला होता? पिशवीच्या तोटीतून घेतलेल्या लघवीत तासन्‌तास वाढलेले जंतू असतात, त्यामुळे त्या कल्चरवरून काहीच ठरवता येत नाही. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घेणे योग्य.

आईंना सांगा की साबण आणि साधे पाणी पुरेसे आहे. जंतुनाशकाने अधिक लाभ होत नाही, उलट त्वचा जळजळते. धुताना शिश्नाची त्वचा मागे सरकवली असेल तर ती आठवणीने पुन्हा पुढे आणावी, नाहीतर सूज येऊन ती तेथेच अडकते. वॉर्डात हा प्रसंग मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिला आहे, आणि तो प्रत्येक वेळी टाळता आला असता.

कडेने झिरपते म्हणून जाड नळी घालून घेण्याची घाई करू नका, कारण जाड नळीने मूत्राशय आणखी आवळतो आणि झिरपणे वाढते. आधी नळीला कुठे पीळ पडला आहे का आणि बाबांचे पोट साफ होते का, हे पाहावे.

मांडवीकाठ

माझे मामा अंथरुणाला खिळलेले असताना आम्ही दोन वर्षे नळी सांभाळली, त्या अनुभवातून थोडे लिहितो. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात चवथीला पाहुणे आले की पिशवी खाटेमागे फडक्याखाली जमिनीवर जाते आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाताना कदंबाच्या बसमध्ये लाजेपोटी ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर येते. मांडीवर आली की नळीतील लघवी उलटी फिरू शकते. आम्ही प्रवासासाठी पायाला बांधायची छोटी पिशवी घेतली आणि तो प्रश्न संपला.

दुसरी अडचण नळी बुजण्याची. काही जंतू लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि नळीच्या टोकाला क्षारांची पुटे चढतात. मामांची काढलेली नळी आतून चुना भरल्यासारखी दिसायची. ती साधारण विसाव्या दिवशी बुजते हे दोन-तीन वेळच्या नोंदींवरून लक्षात आले, तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञांनी सिलिकॉनची नळी घालून ती अठराव्या दिवशीच बदलण्याचे ठरवून दिले. पिशवीत दोन-तीन तास लघवी उतरली नाही आणि ओटीपोट फुगले, तर सकाळची वाट पाहू नये.

सत्तरीकर

आपणा दोघांचे आभार. नमुना पिशवीच्या तोटीतूनच घेतला होता, आणि बाबांना पाच दिवस बद्धकोष्ठ आहे, हे विचारल्यावरच कळले. आज डॉक्टरांना भेटलो. अँटिबायोटिक दिले नाही. प्रोस्टेटसाठी रोजची गोळी आणि पोट साफ होण्याचे औषध सुरू केले असून पुढच्या गुरुवारी नळी काढून पाहणार आहेत. काढल्यावर लघवी पुन्हा अडली तर काय?

निवृत्त परिचारिका, फोंडा

ही चांगली बातमी आहे, कारण संसर्ग टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गरज संपताच नळी काढणे. नळी आत ठेवण्याचे कारण काय, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारायला हवा होता, आणि तो विचारण्याची जबाबदारी घरच्यांवर पडू नये. पहिल्या प्रयत्नात लघवी झाली नाही, तर नळी पुन्हा घालून काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करतात. तेही जमले नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, किंवा दिवसातून काही वेळा तात्पुरती नळी घालून लगेच काढण्याची पद्धत शिकवतात. गुरुवारी सकाळची पहिली वेळ मागून घ्या. नळी काढल्यावर बाबा दोन-तीनदा नीट लघवी करून मूत्राशय रिकामा झाल्याची सोनोग्राफीत खात्री होईपर्यंत इस्पितळाच्या आवारातच थांबा, म्हणजे अडली तरी सत्तरीतल्या वाळपईहून रात्री परत धावावे लागणार नाही.