साबणात लिंबू पिळल्याने तो जंतूंवर अधिक प्रभावी होतो का?

मांजराकाठ (औसा, जि. लातूर):
आमच्या बचत गटात आम्ही खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोडा वापरून थंड पद्धतीने अंगाचा साबण तयार करतो. गेल्या महिन्यात एका ग्राहकाने सांगितले की त्वचेचा सामू (pH; सातच्या खाली आम्ल, सातच्या वर खारे म्हणजे अल्कली) सुमारे साडेपाच असतो आणि साबणाचा मात्र नऊ-दहा, म्हणून लिंबाचा रस घालून तो खाली आणावा. त्यामुळे त्वचाही सांभाळली जाईल आणि जंतूही जास्त मरतील. आम्ही तयार वड्या किसून, वितळवून त्यात भरपूर रस ओतला, तर सगळा घाणा नासलेल्या दुधासारखा फाटला आणि वर तेलकट, पांढरट थर आला. जंतू मरतात ते साबणाच्या खारेपणामुळे, की आम्लामुळे मरतील, हे कोणी जाणकार समजावून सांगतील का?

गोदातीर (गंगाखेड):
ताई, मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षार. त्याच्या रेणूची लांब शेपटी तेलात शिरते, तर डोक्यावर ऋण प्रभार असल्यामुळे ते पाण्याकडे ओढले जाते, आणि या ओढाताणीतूनच हातावरचा तेलकट मळ जंतूंसह सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. आम्ल घातले की हायड्रोजनचा आयन त्या डोक्याला चिकटतो, प्रभार नाहीसा होतो आणि पाण्यात न विरघळणारे मेदाम्ल वेगळे होते. तुमच्या पातेल्यात वर आलेला थर तोच. म्हणून साडेपाच सामूचा खरा साबण तयारच होत नाही. त्या सामूच्या ज्या वड्या बाजारात मिळतात, त्या कृत्रिम अपमार्जकाच्या (डिटर्जंटच्या) असतात, दिसायला कितीही साबणासारख्या असल्या तरी.

आता खारेपणाबद्दल. चुन्याच्या निवळीचा सामू बारापेक्षा जास्त असतो आणि तेवढ्या अल्कलीत बहुतेक जिवाणू टिकत नाहीत. परंतु नऊ-दहा सामूच्या फेसात अर्धा मिनिट राहिल्याने आतड्यातील ई. कोलायसारखा जिवाणू केवळ अल्कलीमुळे मरेल, असे मानणे चूक आहे. फ्लू किंवा कोरोना यांच्या विषाणूंची गोष्ट वेगळी, कारण त्यांचे बाहेरचे आवरणच मेदाचे असते आणि साबणाचे रेणू ते फोडतात.

तुमच्या ग्राहकाच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे, तेही सांगतो. खोबरेल तेलात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते आणि ते स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंना मारक ठरते. प्रभार नसलेल्या रूपात ते जिवाणूच्या पटलात (बाहेरच्या पातळ आवरणात) सहज शिरते आणि हे रूप आम्लधर्मी माध्यमातच टिकते. अडचण अशी की त्याच रूपात ते पाण्यात विरघळत नाही आणि मळही काढत नाही. ई. कोलायला तर बाहेरून आणखी एक पटल असते, त्यामुळे त्याच्यावर याचा परिणाम फारच कमी. मारण्यासाठी सामू खाली हवा, धुण्यासाठी वर हवा. हातांच्या बाबतीत मी धुण्याच्या बाजूने उभा राहीन.

जाता जाता, साबणाच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकून ती लाल झाली म्हणून कोणी तुमच्या साबणाला नावे ठेवली, तर मनावर घेऊ नका; हळद कोणत्याही खाऱ्या पाण्यात, म्हणजे अल्कलीत, लाल होते. सदऱ्यावरचा वरणाचा डाग धुताना लाल होतो तो याच कारणाने.

परिचारिका (कंधार):
सरांच्या म्हणण्याला दवाखान्यातील अनुभवाची जोड देते. आमच्याकडे बोअरचे पाणी इतके जड आहे की त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून चोथा करतात आणि फेस येतच नाही. मग लोक वडी दोनदा फिरवून हात विसळतात आणि धुतले असे समजतात. किमान 20 सेकंद चोळणे हे सामूच्या चर्चेपेक्षा महत्त्वाचे आहे. ‘जंतुनाशक’ या शब्दावरही फार भिस्त ठेवू नये. साध्या साबणापेक्षा अधिक उपयोग सिद्ध न झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये ट्रायक्लोसानसह 19 द्रव्ये घरगुती हात-अंग धुण्याच्या उत्पादनांत वापरण्यास मनाई केली. मात्र ज्यांची त्वचा कोरडी पडून खाजते, त्यांना खाऱ्या साबणाचा त्रास खरोखर होतो. साबणानंतर त्वचेचा सामू पूर्ववत व्हायला काही तास लागू शकतात.

मांजराकाठ:
दोघांचेही आभार. पाणी आमच्याकडेही बोअरचेच आहे. लिंबू पूर्णपणे सोडून द्यावे का?

गोदातीर:
सोडू नका, वेळ बदला. लिंबात असते ते सायट्रिक आम्ल तयार साबणात न घालता सुरुवातीलाच, तेल मिसळण्यापूर्वी पाण्यात विरघळवा आणि मग त्या पाण्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा, हातमोजे व चष्मा घालून टाका. निर्जल सायट्रिक आम्लाचे 10 ग्रॅम सुमारे 6.2 ग्रॅम कॉस्टिक खाऊन टाकतात, तेव्हा तेवढे कॉस्टिक हिशोबात वाढवावे लागेल. तयार होणारे सोडियम सायट्रेट जड पाण्यातील कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे चोथा कमी होऊन फेस सुधारतो. साबणाचा सामू मात्र नऊ-दहाच राहील. फाटलेल्या घाण्यात आता किती आम्ल मोकळे आहे याचा अंदाज नसल्याने त्यात नव्याने कॉस्टिक घालून तो अंगाचा साबण म्हणून विकू नका.