जोडीने तंबू, सायकल आणि कयाक : तुमचे अनुभव येऊ द्या

नमस्कार मंडळी,

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो, म्हणजे गेलो तरी कायम कोणीतरी बरोबर असायचंच, सासूबाई, लेक, नणंदेची मुलं. मागच्या डिसेंबरात लेक शाळेच्या सहलीला चार दिवस गेली आणि नवरा म्हणाला चल, सायकली गाडीच्या मागे लावू आणि भंडारदऱ्याला तंबूत राहू. मी हो म्हणाले खरी, पण पुण्यातल्या सकाळच्या पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे सायकलचा सराव नव्हता आणि कयाक, म्हणजे वल्हवायची अरुंद नाव, तर फक्त फोटोत बघितलेली.

शेंडी गावातून पुढे मुरशेतच्या बाजूला तलावाच्या काठी एका गावकऱ्याने तंबू लावून दिला. समोर आर्थर लेकचं पाणी, पलीकडे रतनगड, मागे कळसूबाई. १६४६ मीटर हे शाळेत पाठ केलेलं, पण संध्याकाळी तिच्या अंगावरचं ऊन वर वर सरकत शेवटी फक्त शेंड्यावर राहतं ना, ते पाहिल्यावर त्या आकड्याला अर्थ आला. रात्री तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. थंडी इतकी की तंबूच्या आतून थेंब टपकत होते (आपल्याच श्वासाचं पाणी असतं ते, झिप थोडी उघडी ठेवायची हे सकाळी कळलं).

दुसऱ्या दिवशी तलावाची प्रदक्षिणा. शेंडी, मुरशेत, घाटघरचा कोकणकडा बघून साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी, असा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता होतो. घाटघरपर्यंत मजेत गेलो. साम्रदच्या पुढे चढ-उतार लागले आणि तिथे आमचं वाजलं. तो पुढे जायचा, वळणावर थांबायचा, मी धापा टाकत पोचले की "चला" म्हणून लगेच पॅडल मारायचा. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मी सायकल आडवी टाकली आणि सांगितलं, अरे तू थांबतोस ती तुझी विश्रांती होते, माझी होतच नाही, मी आले की तू निघतोस. तो खरंच गप्प झाला. त्याच्या मनात आलंच नव्हतं, त्याला वाटत होतं आपण किती समजूतदारपणे थांबतोय. तिथून रतनवाडीपर्यंत तो माझ्या मागे राहिला. अमृतेश्वराच्या देवळात पोचलो, पुष्करणीच्या पायऱ्यांवर अर्धा तास नुसते बसलो, आणि मला आठवेना की असं काही न बोलता, काही न ठरवता आम्ही शेवटचं कधी बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला कयाक. तिथल्या मुलाने मला पुढे बसवलं, ह्याला मागे. म्हणाला, ताई तुम्ही तुमच्या दमाने वल्हवा, दादा तुमच्याकडे बघून मारतील आणि दिशा सांभाळतील, पुढच्याला मागचं दिसत नाही म्हणून मागच्याने जुळवून घ्यायचं. आदल्या दिवशी रस्त्यावर आम्ही ज्यावरून भांडलो तेच त्याने दोन वाक्यात सांगितलं. पहिली दहा मिनिटं वल्ही एकमेकांवर आपटली, मग ताल लागला. धुकं पाण्यावरून उठत होतं आणि आमच्या वल्ह्यांशिवाय आवाज नव्हता. मला रडू आलं, का ते सांगता येत नाही.

तर, तुम्ही दोघं असे कुठे गेला असाल, तंबू, सायकल, कयाक यातलं काहीही, तर लिहा. चांगलं-वाईट सगळं लिहा. आणि मला खास हे वाचायचंय की तुमच्यात वेग कोणाचा असतो, आणि तो कसा ठरतो.

*

बर्लिनहून लिहितोय. आमच्यात वेग बायकोचा, ती कॉलेजात रोइंग करायची. त्यामुळे तुमच्या रस्त्यावरच्या प्रसंगात मी तुमच्या जागी आहे 🙂

आम्ही दर उन्हाळ्यात एकदा तरी श्प्रेवाल्डला जातो. बर्लिनहून रिजनल ट्रेनने ल्युबेनाऊ तासाभरावर, सायकलचं वेगळं तिकीट काढायचं आणि सायकल डब्यातच चढवायची. श्प्रे नदी तिथे शेकडो छोट्या कालव्यांत फुटते, दोन्हीकडे झाडी, अंगणातून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. १९९१ पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह आहे. लेडे नावाचं गाव आहे तिथे उन्हाळ्यात पोस्टाची बाई होडीतून टपाल वाटते, लांब बांबूसारख्या दांड्याने होडी ढकलत, ही पद्धत शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. पहिल्यांदा ती समोरून आली तेव्हा आम्ही कडेला कयाक लावून तिला वाट दिली, तिने मान हलवून "मॉर्गन" (सुप्रभात) म्हटलं, त्या दिवसभर बायको खुश होती.

जर्मनीत कुठेही तंबू ठोकता येत नाही, कॅम्पिंगच्या ठरलेल्या जागेतच. पण त्या जागा छान असतात, गरम पाणी, भांडी घासायला ओटा. सायकलचा मार्ग आहे त्याचं नाव काकडीवरून, गुर्केन-राडवेग, साधारण अडीचशे किलोमीटर, पाट्यांवर सायकल चालवणारी काकडी. तिथली खारवलेली काकडी प्रसिद्ध आहे. रस्ता पूर्ण सपाट, त्यामुळे दमछाक नाही, आणि आम्ही एका दिवसात तीस-पस्तीसच करतो.

कयाकचं मात्र पहिल्या वर्षी जमलं नाही. दोघांची डबल घेतली, ती मागे. तिचा एक वल्हा म्हणजे माझे दोन. मी पुढे बसून ताल द्यायचा म्हटलं तरी तिला तो ताल इतका संथ वाटायचा की ती अस्वस्थ व्हायची, आणि मला पाठीमागून तिची अस्वस्थता जाणवायची. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन सिंगल घेतल्या. ती पुढे जाते, एखादा फाटा बघून येते, परत माझ्याकडे येते, "तिकडे बगळा बसलाय, हळू ये" सांगते. मधे मधे छोटी लॉकगेट्स येतात, पाण्याची पातळी बदलायला, बऱ्याच ठिकाणी ती आपणच हाताने चालवायची. एकाने उतरून दार उघडायचं, दुसऱ्याने दोन्ही कयाक धरून आत थांबायचं, मग पाणी हळूहळू चढतं किंवा उतरतं. तिथे कोणी कितीही जोरात वल्हवत असो, थांबावंच लागतं. आमच्या सगळ्यात चांगल्या गप्पा त्या लॉकमध्ये झाल्यात. आईला कायमचं इकडे आणायचं का, हा विषय दोन वर्षं टळत होता, तो तिथे निघाला आणि पाणी भरेपर्यंत आम्ही बोललो.

म्हणून मला वाटतं वेगळ्या नावा हा पण एक मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही. आणि डासांचं औषध विसरू नका, संध्याकाळी खूप असतात.

*

+१ वेगळ्या सायकली, वेगळ्या कयाक आणि एक तंबू.

*

मी कोलाडचा अनुभव लिहिते, थोडा वेगळा आहे पण लिहायलाच हवा असं वाटलं. मला पोहता येत नाही. आम्ही कुंडलिकेवर दोन दिवसांचं कयाकिंगचं शिकवणं घेतलं होतं. तिथे भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं पाणी सकाळी खाली येतं, म्हणून नदी उन्हाळ्यातही वाहती, पण त्यामुळेच वेळ पाळावी लागते, पाणी तुमच्यासाठी थांबत नाही.

पहिला अर्धा दिवस त्यांनी संथ पाण्यात फक्त उलटायला शिकवलं. उलटलं की नाव सोडायची नाही, वल्हं सोडायचं नाही, उताण्याने पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे, तळाशी उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही कारण पाय दगडात अडकतो. मला ते नको वाटत होतं. दुसऱ्या दिवशी एका वळणावर मी खरंच उलटले. नवरा तीस-चाळीस फुटांवर होता आणि त्याला प्रवाहात उलटं येता येईना. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. पण लाइफ जॅकेटने मला वर आणलं, नाव हातात होती, शिकवणाऱ्याने दोरी टाकली आणि काठाला ओढलं. दोन मिनिटांचा खेळ असेल. त्या रात्री तंबूत तो झोपला नाही, माझा हात धरून होता.

पुढच्या वर्षी एका दुसऱ्या जलाशयावर गेलो होतो, नाव लिहीत नाही, तिथे जॅकेटची बकलं तुटलेली आणि सुतळीने बांधलेली. म्हणे पाणी शांत आहे, काही होत नाही. आम्ही पैसे भरलेले सोडून निघून आलो. प्लीज सगळ्यांना सांगणं आहे, जॅकेट घातल्यावर दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढून बघायचं, हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. हे जोडीने गेल्याचा फायदा आहे, एकमेकांचं तपासा. पोहता येणाऱ्यानेही घाला.

*

पवनेच्या काठावर आमचा अनुभव चांगला नव्हता. शनिवारी गेलो, शेजारच्या तंबूंमध्ये रात्री दोनपर्यंत स्पीकर. तिकोना आणि तुंग समोर दिसत असताना कानात गाणी. पुन्हा मंगळवारी रजा काढून गेलो तर तीच जागा, चांदणं, बेडकांचा आवाज, आणि आम्ही दोघं. शक्य असेल तर मधल्या वारी जा एवढंच सांगेन.

*

बॉस्टनहून. मेन राज्यातलं अकेडिया नॅशनल पार्क कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथून गाडीने पाचेक तास. जंगलातून खडीचे रस्ते आहेत, कॅरेज रोड्स, साधारण ४५ मैल, जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी १९१३ ते १९४० या काळात घोडागाड्यांसाठी बांधून घेतले. मोटारींना तिथे आजही बंदी आहे. सायकल चालवताना मागून गाडी येईल ही धास्ती नाही म्हणजे काय असतं ते मला तिथे पहिल्यांदा कळलं, मी नाशिकला हायवेला लागून वाढलेली. दगडी पूल तर इतके सुंदर की प्रत्येकाखाली थांबलो. जॉर्डन पाँडला पॉपओव्हर (आतून पोकळ, फुगलेला पाव) आणि चहा, शाकाहारी माणसाला लॉबस्टरच्या गावात तोच आधार.

तंबूसाठी पार्कमधल्या ब्लॅकवुड्स कॅम्पग्राउंडचं बुकिंग आधीच करावं लागतं. लाकूड घरून न्यायचं नाही, झाडांची कीड पसरते म्हणून दुसऱ्या राज्यातलं लाकूड आणायला बंदी आहे, तिथेच रस्त्यावर पैशाच्या डब्यासह मोळ्या ठेवलेल्या असतात.

समुद्रात कयाक गाइडबरोबरच केली, पाणी ऑगस्टमध्येही बर्फासारखं आणि धुकं अचानक येतं. भरती-ओहोटीत दहा-बारा फुटांचा फरक. बार हार्बरहून ओहोटीला एका बेटावर चालत जाता येतं आणि तीनेक तासांत तो रस्ता पाण्याखाली जातो. नवऱ्याला अजून फोटो काढायचे होते, मी वेळ लावून बसले होते, ओढतच आणला. किनाऱ्यावर उभं राहून आम्ही तो रस्ता बुडताना पाहिला. तेव्हापासून प्रवासात घड्याळ माझ्याकडे आणि नकाशा त्याच्याकडे.

*

आम्ही दोघे डोंबिवलीचे, मी ६४, ही ६१. तंबूत आता जमिनीवर झोपवत नाही म्हणून दिवाडी बेटावर एका घरी खोली घेतली. गोव्यात रायबंदरला सायकली भाड्याने घेऊन फेरीबोटीत चढवल्या, पलीकडे उतरलं की भातखाचरं, जुनी घरं, चर्च, रस्त्यावर कोणी नाही. हिला गुडघ्याचा त्रास, म्हणून उतरून हातात सायकल धरून चालायचं ठरलं चढावर, मीही उतरायचो. पाय दुखत नसताना उतरायचो हे ती बोलून दाखवत नव्हती, पण तिला कळत होतं.

चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूला कांदळवनात कयाकने नेतात असं कळलं, भरतीच्या वेळेला जायचं, ओहोटीला फाटे कोरडे पडतात. आम्ही जेट्टीवरून नुसतं पाहिलं, एक जोडपं आत जाऊन दिसेनासं झालं. चिखलात निवट्या (छोटे मासे) उड्या मारत होत्या, खंड्या बसला होता. ही म्हणाली, आपल्याला नाही का जमणार? मी म्हटलं बसता येईल, पण उठायचं कसं? हिचा गुडघा पूर्ण वाकत नाही. त्या दिवशी परत आलो. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. इथे कोणी सांगू शकेल का?

*

काका, मी धागा काढणारी. आमच्या भंडारदऱ्याच्या त्या मुलाला आत्ताच फोन करून विचारलं. तो म्हणाला, पाय आत घालायची कयाक घेऊ नका, वरती बसायची असते ती मागा, त्यात गुडघा फार वाकवावा लागत नाही, पाठीला टेकायची सीट लावून घ्या. उतरताना काठाला चिखलात नाही, वाळूवर गुडघाभर पाण्यात आणायची, दोन्ही पाय एका बाजूला सोडायचे, म्हणजे खुर्चीतून उठल्यासारखं होतं. गाइडला आधी सांगून ठेवा, एक जण नाव धरेल. काकूंना पुढे बसवा, त्या आधी उतरतील, त्या उभ्या राहीपर्यंत तुम्ही बसूनच राहा, तुम्ही हललात तर नाव हलते.

नोव्हेंबरनंतर जा, आणि निघायच्या आधी भरतीची वेळ विचारून घ्या. आल्यावर इथे लिहाल ना?