जिप्सीतील एमपीएफआय इंजिन : ईसीएम उंच जागी नेण्यासाठी वायरिंग कसे वाढवावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे कार्ब्युरेटरची १३०० सीसी मारुती जिप्सी असून तीत नंतरच्या जिप्सीचे १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने इंधन देणारे) इंजिन बसवले आहे. इंजिनासोबत त्याचे मूळ लूम (वायरींचा जुडगा) आणि ईसीएमही (इंजिन चालवणारा संगणक) मिळाले. आरटीओची परवानगी रीतसर घेतली आहे, त्यामुळे प्रश्न केवळ वायरिंगचा आहे.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात गाड्यांमध्ये सीटच्या वरपर्यंत गढूळ पाणी चढलेले पाहिल्यापासून ईसीएम पायांजवळ ठेवायला माझे मन धजावत नाही. ते डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे जितके वर बसेल तितके वर बसवायचे आहे. परंतु लूम फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यातील पत्र्यातून) उजवीकडे आत येत असल्याने प्रत्येक वायर सुमारे ८० सेंटिमीटर कमी पडते.

यापूर्वी एका इलेक्ट्रिशियनने काही वायरी घरगुती वायरिंगची वायर जोडून, पीळ देऊन आणि वर टेप गुंडाळून वाढवल्या होत्या. हेडलाइट लावले की आयडलिंग बिघडत असे. मीटर लावल्यावर सेन्सरची अर्थ आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टचा फरक आढळला, कारण त्याने सेन्सरची अर्थ बॉडीच्या अर्थमध्येच मिसळली होती. त्यामुळे एमएपी सेन्सरचा (इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) व्होल्टेज ईसीएमला प्रत्यक्षाहून जास्त दिसे आणि मिश्रण गडद (इंधन जास्त असलेले) होई. ती जोडणी मी काढून टाकली असून आता सगळे काम नव्याने करायचे आहे.

माझा हिशोब असा आहे. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०३७ ओहम असतो. इंजेक्टर जेमतेम एक अँपिअर घेतो, म्हणजे ८० सेंटिमीटरला ०.०३ व्होल्टची घट, जी नगण्य आहे. सेन्सरच्या सिग्नलमधून तर काही मिलिअँपिअरच वाहतात. इंधन पंपाचा प्रवाह मात्र मोठा असल्याने त्याचा रिले मागे पंपाजवळ नेऊन तिथवर १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकीन. ईसीएमच्या पॉवर अर्थही जाड वायरीने थेट इंजिन ब्लॉकवर नेईन आणि सेन्सरची अर्थ शेवटपर्यंत वेगळी ठेवीन. सर्वत्र १२५ अंशांपर्यंत टिकणारी गाडीचीच वायर, शक्य तितक्या मूळ रंगांत, वापरणार आहे.

अडचण कॅमशाफ्ट सेन्सरच्या शिल्ड (बाहेरची विद्युत गडबड रोखणारी धातूची जाळी) असलेल्या वायरीपाशी येते. शिल्ड फक्त ईसीएमच्या बाजूलाच अर्थ करायची हे मला ठाऊक आहे, पण सांध्यावर तिची सलगता कशी राखावी? जाळी उलगडून दोन्ही टोके क्रिंप केल्यास (धातूच्या नळीत दाबून जोडल्यास) आतल्या सिग्नलवायरीचा जो भाग उघडा पडतो, तेवढ्याने गडबड होते का, की ही एकच वायर सेन्सरच्या कनेक्टरपासून नवीन, अखंड टाकणे बरे?

दुसरे असे की, सोल्डर वायरीत झिरपून तिची लवचीकता घालवते आणि जिप्सीच्या हादऱ्यांनी ती नेमकी त्या कडेला तुटते, म्हणून माझा कल क्रिंप करून आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवण्याकडे आहे. सांधे एकाच ठिकाणी न येता पुढेमागे ठेवीन. कोणी असे काम केलेली गाडी चार-पाच पावसाळे वापरली असेल, तर ते सांधे टिकले का, हे अवश्य कळवावे.

आणखी एक पर्याय मनात घोळतो आहे : फायरवॉलला डावीकडे नवे भोक पाडून ग्रॉमेट (कडेने वायर कापू नये म्हणून रबराची कडी) बसवायचा आणि इंजिनाकडचे लूम न कापता तिकडूनच आत घ्यायचे. मग इग्निशनचा पुरवठा, पंपाचा रिले, चेक इंजिनचा दिवा आणि डायग्नोस्टिक कनेक्टर एवढ्याच वायरी वाढवाव्या लागतील. मात्र त्या मार्गाने लूम एक्झॉस्टच्या जवळून जाण्याची भीती वाटते. हा मार्ग कोणी अवलंबला असल्यास लूम कुठून नेले आणि उष्णतेपासून कसे वाचवले, ते कृपया सविस्तर सांगावे.