रोमन शहरांत धान्य पेवांत साठवत असत का?

हरिपूरकर:
सांगलीच्या हळदीच्या व्यापारात हरिपूरच्या पेवांचे, म्हणजे माल साठवण्याच्या जमिनीतील खड्ड्यांचे, स्थान काय होते, हे येथील अनेकांना ठाऊक आहे. २००५ च्या महापुरात त्यांपैकी बरीच निकामी झाली. सध्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराविषयी वाचत असताना प्रश्न पडला, की रोमन लोकही धान्य असे जमिनीखाली साठवत होते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठ:
ही पद्धत त्यांना चांगली माहीत होती. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन लेखक व्हॅरो याने शेतीवरील ग्रंथात थ्रेस, कॅपाडोशिया आणि स्पेनमधील जमिनीखालच्या कोठारांचे वर्णन केले आहे. तळाशी पेंढा अंथरून ओल आणि हवा आत शिरू द्यायची नाही, कारण जेथे हवा पोहोचत नाही तेथे किडा लागत नाही, असे तो सांगतो. गहू ५० वर्षे टिकतो, हा त्याचा दावा मला अतिशयोक्तीचा वाटतो. पण पुढची सूचना मात्र अनुभवाचीच आहे. कोठार उघडल्यावर लगेच आत उतरू नये, कारण तसे करताना काही माणसे गुदमरली आहेत, असे त्याने बजावले आहे. आपल्याकडे पेवात माणूस उतरण्याआधी कंदील सोडून तो विझतो का हे पाहतात, ते याच धोक्यामुळे.

हरिपूरकर:
मनःपूर्वक आभार. मग पॉम्पेईत अशी पेवे सापडली आहेत का?

यार्डातील वाचक:
शहराची गरज वेगळी होती, हे आधी लक्षात घ्यावे. पॉम्पेईत तीसहून अधिक बेकऱ्या ओळखल्या गेल्या आहेत आणि त्यांतील अनेक ठिकाणी लाव्हाच्या दगडाची, गाढवांकडून फिरवली जाणारी जाती भट्टीच्या शेजारीच उभी आहेत. म्हणजे दळणे आणि भाजणे एकाच छपराखाली चाले. १८६२ मध्ये एका बेकरीच्या भट्टीत ८१ पाव कोळसा झालेल्या स्थितीत सापडले. जेथे रोज एवढा माल लागतो, तेथे पेव गैरसोयीचे ठरते, कारण पेव एकदा फोडले की आतली हवाबंद स्थिती संपते आणि सगळा माल लवकर काढून विकावा लागतो. हे आमच्या अडतीवर कोणीही सांगेल. म्हणूनच रोमच्या ऑस्टिया बंदरात जमिनीवरची मोठी कोठारे होती आणि त्यांपैकी काहींत खालून हवा खेळावी यासाठी फरशी उचलून बसवलेली होती.

जमिनीत पुरलेले मोठे रांजण पॉम्पेईजवळ जरूर आहेत, पण ते मुख्यतः द्राक्षमद्याचे. बोस्कोरेआले येथील व्हिला रेजिना या शेतघरात असे १८ रांजण असून त्यांत एकूण सुमारे १०,००० लिटर मद्य मावत असे. मातीत गळ्यापर्यंत पुरल्यामुळे आतले तापमान फारसे बदलत नसे. त्यामुळे पॉम्पेईच्या छायाचित्रांत जमिनीतून वर आलेली रांजणांची तोंडे दिसली, तर ती धान्याची पेवे समजू नयेत.