मॉरिशसमध्ये दोन लहान मुले व सासूबाईंसह एक दिवसाची सहल : उत्तर की नैर्ऋत्य?

नमस्कार.

आम्ही मालवणचे. दिवाळीच्या सुट्टीत मी, यजमान, साडेपाच वर्षांची मुलगी, पावणेदोन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण मॉरिशसला जाणार आहोत. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक येथे, स्वयंपाकघर असलेल्या घरात आहे. बाकीचे दिवस मुलांच्या कलाने घालवायचे ठरले आहे. मात्र एक दिवस गाडी ठरवून बेट पाहावे अशी सर्वांची इच्छा आहे आणि त्या एका दिवसाचा मेळ काही केल्या बसत नाही, म्हणून हा प्रश्न.

आम्हाला मिळालेल्या सहलींच्या यादीत पहिले नाव ईल-ओ-सेर्फ या बेटावरच्या बोटसफरीचे आहे. ती आम्ही आधीच खोडली. एक तर ते ठिकाण पूर्वेला, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या अगदी उलट बाजूला आहे. आणि दुसरे म्हणजे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत वर्षातून चारदा बसणाऱ्या आणि चिवल्याच्या वाळूत संध्याकाळ काढणाऱ्या मुलांना पुन्हा होडी आणि वाळूच दाखवण्यासाठी विमानाचे भाडे भरायचे, हे यजमानांच्या गळी उतरत नाही. (मुलांना ते कदाचित सर्वांत जास्त आवडले असते, पण त्यांना कोण विचारतो!)

राहिले दोन पर्याय. उत्तरेकडे पोर्ट लुईमधील आप्रवासी घाट आणि पुढे पाम्पलमूसची वनस्पती बाग. किंवा नैर्ऋत्येकडे गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती व धबधबा. दोन्ही एका दिवसात करून देतो असे सांगणारे गाडीवाले आहेत. नकाशावर पाहिले तर ते खरेही वाटते, कारण सगळे बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. पण दर दोन तासांनी काहीतरी खायला लागणाऱ्या आणि दुपारी झोपणाऱ्या मुलाला घेऊन हे जमणार नाही, असे माझे मत आहे.

सासूबाईंचे माहेर राजापूर तालुक्यातले. त्यांच्या पणजोबांचा एक भाऊ ऊसमळ्यात मजुरीसाठी बोटीने गेला तो परतला नाही, एवढेच त्यांच्या घरात सांगत आले आहेत. बोट कोणती, बेट कोणते, याचा पत्ता नाही. तरी रत्नागिरी भागातून मॉरिशसला पुष्कळ माणसे गेली हे वाचल्यापासून आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या पाहायच्या, असे त्यांनी मनात धरले आहे. 1834पासून करारावर आणलेल्या मजुरांना जिथे उतरवून घेत, ती ही जागा. 2006मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. दुसरीकडे गंगा तलावाच्या शंकराचे दर्शनही त्यांना हवे आहे. त्या स्वतः कशाचाच हट्ट धरणार नाहीत, म्हणूनच निवड अवघड झाली आहे.

माझ्या अडचणी अशा : मुलीला घाटाची गाडी लागते. कोल्हापूरला जाताना फोंडाघाट चढून दाजीपूर येईपर्यंत दोनदा तरी थांबावे लागते, आणि शामारेलचा रस्ता चढणीचा व नागमोडी आहे असे कळते. साडेपाच वर्षांच्या मुलीला आप्रवासी घाटावर तासभर रमवता येईल का? आणि मुलाची झोप साधेल असा क्रम कोणता? लहान मुलांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आम्ही रत्नागिरीहून दोन मुलांना घेऊन गेलो होतो. आपण उत्तरच निवडावी असे सुचवेन, आणि कारण सासूबाईंइतकेच मुलाच्या झोपेचेही आहे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. मूल घरी साडेसहाला उठत असेल तर तिथे पाचलाच उठून बसेल, आणि एकची झोप साडेअकराला येईल. पहिले दोन-तीन दिवस हे बदलू नये. उलट त्याचा फायदा घ्यावा. लवकर निघून आधी आप्रवासी घाट पाहावा. पोर्ट लुईत शिरताना सकाळी गाड्यांची गर्दी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. घाट रविवारी व सरकारी सुट्टीला बंद असतो, आणि दिवाळीची सुट्टी तिथेही असते, हे विसरू नये.

मुलीसाठी संग्रहालयाचा भाग आधी दाखवा, पायऱ्या नंतर. जागा मोठी नाही, तासभर पुरतो. सासूबाईंना मात्र तिथे घाई करू नका. एकाने मुलांना बाहेर बंदराच्या बाजूला फिरवावे आणि दुसऱ्याने त्यांच्यासोबत थांबावे.

तिथून पाम्पलमूस साधारण अकरा किलोमीटर आहे. बागेतले मुख्य रस्ते रुंद व सपाट आहेत, त्यामुळे बाबागाडी नक्की न्यावी. मुलगा झाडांच्या सावलीत त्यातच झोपेल आणि मुलीला त्या वेळात मोठी कमळे व कासवे दाखवता येतील. कमळांची पाने परातीसारखी, कडा वर वळलेल्या, आणि मीटरभराहून रुंद असतात. फूल पहिल्या रात्री पांढरे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. आमच्या मुलाने ‘यावर बसू का?’ एवढेच पंधरा मिनिटे विचारले. डासांचे मलम लावूनच आत जावे. बागेजवळच जुन्या साखर कारखान्यातले संग्रहालय आहे आणि तिथे वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात, पण हे मुले टवटवीत असतील तरच; नाहीतर सरळ परत फिरावे.

जेवणाची काळजी नको. दालपुरी सर्वत्र मिळते आणि मऊ असते. तिखट वेगळे ठेवायला सांगावे. लहानग्यासाठी घरून मऊ भात डब्यात न्यावा.

प्रतिसाद २

उत्तरेबद्दल सहमत आहे, पण गंगा तलाव पूर्ण सोडू नये. तो शामारेलशी जोडतात म्हणून दिवसभराचा वाटतो. शामारेल वगळले, तर वाकोआच्या बाजूने पठारावरून जाणारा रस्ता आहे, त्यात शामारेलसारखी वळणे नाहीत, आणि दुसऱ्या एखाद्या सकाळी जाऊन जेवायला घरी परतता येते. हे स्थान उंचावर असल्याने किनाऱ्यावर ऊन असताना तिथे धुके आणि पाऊस असू शकतो. मुलांना स्वेटर घ्यावेत. माकडे पुष्कळ आहेत, मुलांच्या हातात केळे देऊ नका. रस्त्यालगत शंकराची 33 मीटर उंच मूर्ती आहे, ती मुलांना गाडीतूनच दिसते.

सासूबाईंच्या पूर्वजांबद्दल : मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या आगमनाच्या जुन्या नोंदवह्या आहेत. मुलांना घेऊन तिथे जाऊन शोध लागण्याची आशा धरू नये. निघण्यापूर्वी नाव, वडिलांचे नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून पाठवावे.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. दीड तासाच्या फरकाचा हिशेब आमच्या डोक्यातच आला नव्हता. उत्तर एका दिवशी आणि गंगा तलाव दुसऱ्या सकाळी, असे आता ठरवत आहोत. शामारेल यंदा नाही. सासूबाईंनी माहेरी फोन करून त्या आजोबांचे नाव विचारले, तर दोन भावांनी दोन नावे सांगितली. दोन्ही पाठवू.

आता एकच विचारायचे राहिले. मुलासाठी गाडीत लहान मुलांची खुर्ची हवी आहे. चालकासह गाडी घेतल्यास ती मागून मिळते का, की स्वतः चालवायची गाडी घेतली तरच देतात? तिथे आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे यजमान चालवायला तयार आहेत; पण मग मागच्या सीटवर दोन मुले आणि सासूबाई यांच्यासोबत मीच असणार, आणि रस्ता पाहायला पुढे कोणी उरणार नाही. कोणाला अनुभव असल्यास कळवावे.